सोनोग्राफीत प्रोस्टेट मोठी आली, आता पुढे?

मागच्या अंकात मूतखड्यावर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली असणाऱ्या ग्रंथीचा, कॅन्सर सहसा कळत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की मूतखडा बाजूलाच राहिला. बहुतेक पत्रं मुलांची, सुनांची, बायकांची. ज्यांची प्रोस्टेट आहे ते स्वतः क्वचितच लिहितात, ही आपल्याकडची रीतच.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं सोनोग्राफी सेंटर आहे. गोळ्या देणं आणि ऑपरेशन करणं हे युरॉलॉजिस्टचं काम. मशिनवर काय दिसतं, काय दिसत नाही आणि रिपोर्ट कसा वाचायचा, एवढ्यापुरतीच माझी उत्तरं धरावीत.

प्रश्न: मॅडम, नमस्कार. आमचे आबा ६८ वर्षांचे. गणपतीत त्यांची लघवी एकदम अडकली म्हणून इथल्या दवाखान्यात नळी घातली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, पीएसए ६.८ आला. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड २ प्रोस्टेटोमेगाली, ५२ सीसी’ असं आहे. शेजारचे म्हणतात, ग्रेड दोन म्हणजे कॅन्सरची दुसरी स्टेज. आबांना अजून काही सांगितलेलं नाही. कारखाना सुरू व्हायच्या आत ऑपरेशन उरकून घ्यावं का? (गडहिंग्लज)

उत्तर: आधी आबांना सांगून टाका, कारण लपवण्यासारखं अजून काही सापडलेलंच नाही. रिपोर्टवरचा ‘ग्रेड २’ हा निव्वळ आकाराचा आहे. तरुणपणी प्रोस्टेट साधारण २० सीसी असते, वयाबरोबर ती वाढते, आणि किती वाढली त्याच्या पायऱ्या पाडून काही सेंटरमध्ये ग्रेड एक, दोन, तीन असं लिहितात. कॅन्सरची ग्रेड सोनोग्राफीच्या रिपोर्टवर कधीच नसते. ती तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर पॅथॉलॉजिस्ट देतो. माझं स्पष्ट मत आहे की ही ग्रेड लिहायची पद्धत बंदच करावी. सीसी लिहिले की पुरे. या एका शब्दानं जिल्ह्यात किती घरांची झोप उडवली असेल देव जाणे.

आता पीएसए. हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन आहे, त्यातलं थोडं रक्तात उतरतं. कॅन्सरमध्ये ते वाढतं, पण ग्रंथी नुसती मोठी झाली तरी वाढतं, जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं, लघवी अडकली आणि नळी घातली तर हमखास वाढतं. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द ‘दुसऱ्या दिवशी’ हा आहे. नळी घातल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या ६.८ वर मी कुठलाच निष्कर्ष काढणार नाही. नळी निघाल्यावर, लघवीत जंतू नाहीत याची खात्री करून, साधारण सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत तपासा. तपासणीआधी दोन दिवस सायकल नको आणि शरीरसंबंधही नको. हे दुसरं लॅबवाले संकोचानं सांगत नाहीत, म्हणून मी लिहिते.

समजा परत ६.८ च आला, तर मग सोनोग्राफी उपयोगी पडते. रिपोर्टची झेरॉक्स जोडलीत ते बरं झालं. त्यात मापं आहेत ४.८, ४.५ आणि ४.६ सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ नं गुणलं की ५२ सीसी येतात. आता पीएसएला या आकारानं भागा: ६.८ भागिले ५२, म्हणजे ०.१३. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. ०.१५ च्या वर गेली की आमची शंका वाढते, खाली असली की थोडी कमी होते. हाच ६.८ एखाद्या २५ सीसीच्या लहान ग्रंथीत आला असता तर भागाकार ०.२७ आला असता, आणि मी तुम्हाला वेगळ्या सुरात लिहिलं असतं. मोठ्या ग्रंथीत पीएसए थोडा जास्त असणारच.

पण ०.१३ वर निर्धास्तही होऊ नका. पोटावरून बघताना प्रोस्टेटचं खालचं टोक जांघेच्या हाडाआड जातं, कर्सर नेमका कुठं ठेवायचा याचा अंदाजच करावा लागतो. त्या ४.६ च्या जागी कुणी ४.१ मोजलं तर आकार ४६ सीसी येतो आणि भागाकार जवळजवळ ०.१५ वर जाऊन बसतो. अर्ध्या सेंटिमीटरचा खेळ आहे. त्यामुळे हा आकडा बाकीच्या गोष्टींच्या शेजारी ठेवून वाचायचा. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे युरॉलॉजिस्टनं बोटानं केलेली तपासणी. बोटाला टणक गाठ लागली, तर माझे सगळे भागाकार बाजूला ठेवायचे आणि पुढं जायचं.

अजून एक, तुम्ही ‘ऑपरेशन उरकावं का’ विचारलंत म्हणून. दुर्बिणीनं प्रोस्टेट खरवडतात ते लघवीची वाट मोकळी करायला. त्यात आतला भाग निघतो, बाहेरचं आवरण तसंच राहतं, आणि कॅन्सर बहुतेक वेळा त्या बाहेरच्या भागातच होतो. ‘प्रोस्टेट काढली, आता काळजी मिटली’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांची प्रोस्टेट काढलेली नसते, खरवडलेली असते.

प्रश्न: मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७१. पोटावरून दोनदा सोनोग्राफी झाली आहे. आता डॉक्टर शौचाच्या मार्गानं करायला सांगतात. ही वेगळी कशाला? दुखते का? स्पष्टच विचारतो, तपासणारी व्यक्ती स्त्री असली तर काय करायचं? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर: सर, तपासणारी व्यक्ती स्त्री असेल तर डाव्या कुशीवर वळायचं आणि गुडघे पोटाशी घ्यायचे. पुरुष असेल तरी तेच करायचं. मी पंचविसाहून जास्त वर्षं ही तपासणी करते आहे, आणि खोलीत सगळ्यात कमी संकोच मला वाटत असतो.

वेगळी कशाला, ते सांगते. आवाजाच्या लहरी जितक्या बारीक, तितकं चित्र स्पष्ट, पण त्या खोल जात नाहीत. पोटावरून प्रोस्टेटपर्यंत पोचायला चामडी, चरबी, लघवीची भरलेली पिशवी असं सगळं ओलांडावं लागतं, म्हणून तिथं साधारण साडेतीन मेगाहर्ट्झचा, जरा जाड लहरींचा प्रोब (तपासायचा दांडा) वापरतात. त्यात आकार कळतो, पिशवीत किती लघवी उरते ते कळतं, किडनीवर ताण आलाय का ते कळतं. गुदाशयाची भिंत मात्र प्रोस्टेटला अगदी लागून असते. तिथून सात-आठ मेगाहर्ट्झचा, बारीक लहरींचा प्रोब चालतो, आणि आतले भाग वेगवेगळे ओळखता येतात. मापंही नेमकी मिळतात. वरच्या उत्तरातला अर्ध्या सेंटिमीटरचा घोळ इथं बराचसा मिटतो.

प्रत्यक्ष काय होतं ते ऐका. प्रोब अंगठ्याएवढ्या जाडीचा असतो. त्यावर थोडी जेली, वर कंडोम चढवतो, त्यावर परत जेली. पॅकेट फोडताना बघून बरेच काका छताकडं बघायला लागतात, तर ते फक्त स्वच्छतेसाठी असतं. आधी डॉक्टर बोटानं तपासतात, मग प्रोब सावकाश आत. पहिली काही सेकंदं संडासला लागल्यासारखं वाटतं. त्या वेळी तोंडानं मोठा श्वास सोडायचा, अंग आवळायचं नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. अवघडल्यासारखं होतं, पण नुसत्या बघण्यात दुखण्यासारखं काही नाही. मूळव्याध किंवा भगेंद्र असेल तर मात्र आधी सांगा, लपवू नका. तपासणीच्या सकाळी पोट साफ असावं, एनिमा घ्यायचा की नाही ते सेंटरवर विचारून घ्या.

गंमत म्हणून सांगते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हिरोकी वातानाबे यांनी ही तपासणी उपयोगात आणली, त्यांच्या यंत्रात रुग्ण खुर्चीवर बसायचा आणि खुर्चीच्या मधून प्रोब वर यायचा. त्या मानानं आमची कॉट बरी.

आणि हो, सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीत असते तशी ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी आमच्याकडंही आहे. कायदाच आहे, आणि कोल्हापुरात तर एके काळी मशिनवर लक्ष ठेवायला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र बसवलं होतं. एक आजोबा कॉटवर आडवे पडून ती पाटी मोठ्यानं वाचून म्हणाले, “मग आमचं काय बघणार वं बाई?” तेव्हा तुम्ही एकटेच अवघडलेले नसता, सर.

पोटावरची सोनोग्राफी परत करायची वेळ आली तर एक सूचना. ‘लघवी तुंबवून या’ म्हटलं की लोक दोन-दोन बाटल्या पाणी पिऊन बसतात. पिशवी फार ताणली गेली की ती नीट आकसत नाही, आणि रिपोर्टवर उरलेली लघवी खोटी जास्त दिसते. लागली की लगेच सांगा, ताटकळत बसू नका.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना प्रोस्टेटसाठी दोन वर्षं गोळी चालू आहे, ड्युटास्टेराइड असलेली. गोळीआधी पीएसए ३.४ होता, आता ३.१ आहे. लॅबच्या कागदावर ४ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. म्हणजे चांगलंच ना? (कागल)

उत्तर: ताई, हे पत्र तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड या गोळ्या ग्रंथी आकसवतात, आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा ३.४ आता १.७ च्या आसपास असायला हवा होता. आलेल्या ३.१ ची दुप्पट करून वाचायचं, सहाच्या वर. लॅबच्या संगणकाला गोळी माहीत नसते, तो ४ च्या खाली आहे म्हणून काळ्या शाईत छापतो. कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. गोळ्या नियमित घेतल्या नसतील तरीही असं दिसतं. पण पुढच्या महिन्याची वाट न बघता युरॉलॉजिस्टना जुने-नवे दोन्ही कागद दाखवा. गोळी मनानं बंद करू नका. नुसती टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन असेल तर हा हिशेब लागू नाही, त्यांनी पीएसए बदलत नाही. पाकिटामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा, कधीकधी एका गोळीत दोन औषधं असतात.

प्रश्न: माझं वय ६४, यंत्रमागाचा व्यवसाय. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत बघून १२ तुकड्यांची बायोप्सी झाली, काही निघालं नाही. तेव्हा पीएसए ७ होता, आता ११. आता म्हणतात आधी एमआरआय, मग परत बायोप्सी. सोनोग्राफीत बघूनच सुई मारली होती, तर तेव्हा सापडलं कसं नाही? आणि सुई लागली की कॅन्सर पसरतो असं गल्लीत सगळेच म्हणतात. (इचलकरंजी)

उत्तर: तुमच्या पहिल्या प्रश्नात या सगळ्या विषयाची मेख आहे. सोनोग्राफीत बघून सुई मारतात, पण ‘बघून’ म्हणजे ग्रंथी बघून. कॅन्सर बघून नव्हे.

प्रोस्टेटच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात साधारण ७० टक्के कॅन्सर होतात. तिथं काळपट डाग दिसला की आम्ही सावध होतो. पण जुन्या सुजेनंही तसाच डाग दिसतो, आणि बरेच कॅन्सर आजूबाजूच्या पेशींच्याच रंगाचे असतात, पडद्यावर काही वेगळं दिसतच नाही. म्हणून १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ठरावीक सहा जागांचे तुकडे घ्यायची पद्धत मांडली, पुढं ते दहा-बारा झाले. धान्याचा व्यापारी पोत्यात नळी खुपसून वानगी काढतो, तसंच हे. बारा ठिकाणी खुपसली तरी खडा तेराव्या ठिकाणी असू शकतो. विशेषतः ग्रंथीच्या पुढच्या बाजूला असलेला, कारण गुदाशयातून गेलेली सुई तिथवर कमीच पोचते.

हे नुसतं तोंडचं नाही. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर एक मोठी तपासणी झाली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. खरोखर उपचार लागतील अशा कॅन्सरपैकी जेमतेम ४८ टक्के सोनोग्राफीच्या नेहमीच्या बायोप्सीत सापडले. एमआरआयनं ९३ टक्क्यांवर बोट ठेवलं. तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा ‘निगेटिव्ह’ हा निर्वाळा नव्हता, आणि पीएसए ७ वरून ११ वर गेल्यावर तर एमआरआय करायलाच हवा. तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. एमआरआयलाही खोटी शंका बरीच येते, म्हणून त्यात डाग दिसला तरी तुकडा काढल्याशिवाय कॅन्सर म्हणायचं नाही. रिपोर्टवर पाय-रॅड्स एक ते पाच असा संशयाचा आकडा येईल. तीन म्हणजे कुंपणावर, चार-पाच म्हणजे तुकडा काढाच.

मग सोनोग्राफी कुठं गेली? ती सुईच्या सोबत राहिली. एमआरआयच्या बोगद्यात झोपलेल्या माणसाला सुई मारणं अवघड असतं, सोनोग्राफीत सुई जाताना चित्र चालू असतं. त्यामुळे एमआरआयचं चित्र संगणकावर चालू सोनोग्राफीच्या चित्रावर बसवतात आणि नेमका त्या डागात तुकडा घेतात. याला फ्यूजन बायोप्सी म्हणतात. ते यंत्र नसेल तर अनुभवी डॉक्टर एमआरआय शेजारी लावून अंदाजानं घेतात, तेही चालतं. आता २९ मेगाहर्ट्झची मायक्रो-अल्ट्रासाऊंड नावाची सोनोग्राफी आली आहे, तिच्यात बारीक नळ्यांची रचनासुद्धा दिसते. तिच्यावर घेतलेली बायोप्सी एमआरआयवर घेतलेल्या बायोप्सीहून कमी पडत नाही, असं २०२५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आमच्या शाखेची बाजू वर आली म्हणून मला आनंद झाला, हे कबूल. पण तिच्या शोधात गावोगाव फिरू नका. चांगला एमआरआय आणि रोज बायोप्सी करणारा हात, एवढं मिळालं तरी तुमचं काम होतं.

गल्लीतल्या मंडळींना सांगा, प्रोस्टेटच्या सुईनं कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मिळ आहे. भ्यायचं असेल तर जंतुसंसर्गाला भ्या. गुदाशयातून सुई जाते तेव्हा तिथले जंतू बरोबर जाऊ शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिक देतात. अंडकोषामागच्या चामडीतून सुई घालायची दुसरी पद्धत आहे, तीत हा धोका कमी. कुठल्या पद्धतीनं करणार ते विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण हृदयात स्टेंट असेल तर स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. बायोप्सीच्या बंदुकीचा खट्ट आवाज होतो, त्यानंच माणूस दचकतो, सुईनं नव्हे. आम्ही एकदा रिकामीच वाजवून दाखवतो. नंतर थोडे दिवस लघवीत लालसर दिसेल, वीर्यात काही आठवडे. पण हुडहुडी भरून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनलासुद्धा दवाखाना गाठायचा.

आणि तुकड्यात काही निघालंच, तरी लगेच चाकूच असं नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत वाटून कुणाचं ऑपरेशन केलं, कुणाला रेडिएशन दिलं, कुणावर नुसतं लक्ष ठेवलं. पंधरा वर्षांनी या कॅन्सरनं दगावलेले तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. लक्ष ठेवलेल्यांत पसरण्याचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, आणि बऱ्याच जणांना पुढं उपचार घ्यावे लागले, तेही खरं. खर्चाचं विचारलं नाहीत तरी सांगते, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड घेऊन चौकशी करा.

प्रश्न: वय ४२, तक्रार काही नाही. बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये दरवर्षी सोनोग्राफी असते. प्रोस्टेट नॉर्मल येते. हे पुरेसं आहे ना? (जयसिंगपूर)

उत्तर: कॅन्सर शोधायला पुरेसं नाही, आणि तुमच्या वयात गरजेचंही नाही. सुरुवातीच्या कॅन्सरला लक्षण नसतं आणि पोटावरच्या सोनोग्राफीत तो दिसत नाही. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर तुमचा धोका साधारण दुप्पट होतो. तसं असेल तर पंचेचाळिशीच्या आत-बाहेर पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोला. घरातल्या बायकांना कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, दोन्हींमागं कधीकधी एकच जनुक असतं. बाकी पॅकेजचे पैसे तुमचे आहेत.

प्रश्न: आमचे आजोबा ८४ वर्षांचे. गावातल्या शिबिरात रक्त घेतलं, पीएसए ९ आला. रोज रानात जातात, रात्री एकदा लघवीला उठतात, बाकी काही नाही. घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात पुण्याला न्या, वडील म्हणतात काही करू नका. (भुदरगड)

उत्तर: मी तुमच्या वडिलांच्या बाजूची, पण पूर्णपणे नाही. सत्तरीनंतर तक्रार नसलेल्या माणसाचा पीएसए तपासूच नये असं बऱ्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. शिबिरात तो सरसकट करतात ते मला पटत नाही, कारण पुढचा निस्तरायचा भाग घरच्यांवर पडतो. या वयात लहानसा, हळू वाढणारा कॅन्सर पुष्कळांच्या प्रोस्टेटमध्ये असतो, आणि तो बरोबर घेऊनच ते दुसऱ्या कशानं तरी जातात. आजोबांना एमआरआय, सुई, भूल या फेऱ्यात घालून हाती फारसं लागणार नाही.

पुण्याला न्यायच्या आधी गारगोटीत किंवा कोल्हापुरात युरॉलॉजिस्टना एकदा दाखवा. बोटानं तपासतील, लघवी आणि किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतील, पोटावरून सोनोग्राफी करून किडनी आणि उरलेली लघवी बघतील. एवढं ठीक असेल तर सहा महिन्यांनी परत पीएसए करायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा. आजोबांना स्वतःला काय हवंय, हेही कुणीतरी विचारा. तुमच्या पत्रात दोन्ही तटांचं मत आहे, त्यांचं नाही.

एका गोष्टीवर मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्ष ठेवा. पाठीत किंवा कंबरेत रात्री झोपू न देणारी नवी दुखणी सुरू झाली, तर तेल लावत बसू नका, डॉक्टरांना पीएसएचा कागद दाखवा. आणि पायातली ताकद कमी झाली, चालताना पाय लटपटायला लागले किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्या दिवशी सगळी कामं टाकून त्यांना घेऊन निघा.